दंड २५० कोटींपर्यंत, भरपाई शून्य

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. कलमे ४४ आणि शेवटी एक अनुसूची. अनुसूचीत सात ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीसमोर दंडाची कमाल मर्यादा लिहिली आहे. लोकांची माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय केली तर २५० कोटी रुपये. माहिती फुटल्याचे डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित लोकांना कळवले नाही तर २०० कोटी. मुलांच्या माहितीचे नियम मोडले तर २०० कोटी. सरकारने खास अधिसूचित केलेल्या बड्या संस्थांनी जादा जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत तर १५० कोटी. मंडळाला दिलेली हमी मोडली तर मूळ चुकीला जेवढा लागू असेल तेवढा. बाकी कुठलेही कलम मोडले तर ५० कोटी.

या झाल्या सहा. उरलेली ओळ १०,००० रुपयांची आहे, आणि सामान्य माणूस सातपैकी याच एका ओळीत येतो. खोटी तक्रार केली किंवा दुसऱ्याचे सोंग घेऊन माहिती दिली, तर हे १०,००० त्याने भरायचे आहेत. त्याला काही मिळावे अशी ओळ अनुसूचीत नाही आणि ४४ कलमांतही नाही. कंपनीकडून वसूल झालेला दंड कलम ३४ प्रमाणे भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत जमा होतो.

कायदा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला सांगितलेच पाहिजे, ही सक्ती या देशात पहिल्यांदाच येते आहे आणि ती मोठी गोष्ट आहे. पण सांगितल्यानंतर पुढे काय, या प्रश्नावर कायद्याचे आकडे संपतात.

मलकापुरात काय काय साठते

हा हिशेब एखाद्या महानगरापेक्षा मलकापुरात बसून मांडलेला बरा. बुलढाण्यातले किंवा शाहूवाडीतले मलकापूर नव्हे. कराडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढलेले सातारा जिल्ह्यातले मलकापूर. इथे कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय शिक्षणाचे अभिमत विद्यापीठ आहे. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून आणि घाट चढून कोकणातूनही रुग्ण या भागात येतात. पलीकडे कराडात नागरी बँका आणि पतसंस्थांचे दाट जाळे आहे. म्हणजे माणसाची सगळ्यांत नाजूक माहिती, आजाराची आणि पैशाची, चार-पाच किलोमीटरच्या टापूत गोळा होते.

कुठल्याही दवाखान्यात केसपेपर काढताना काय लिहून घेतात ते आठवा. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर. सरकारी योजनेतून उपचार हवे असतील तर आधार आणि रेशनकार्ड. विमा असेल तर पॉलिसी नंबर. मग रिपोर्ट, निदान, औषधे, बिल. पतसंस्थेत खाते काढायचे तर पॅन, आधार, दोन फोटो, वारसाचे नाव, जामीनदाराचे कागद. यातले बरेचसे झेरॉक्स होऊन फाइलला लागते आणि स्कॅन होऊन संगणकातही जाते.

हा फरक कायद्याने महत्त्वाचा मानला आहे. तो फक्त डिजिटल माहितीला, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. तुमच्या आधारची झेरॉक्स कपाटातल्या फाइलमध्ये पडून असेल तर हा कायदा तिच्याकडे बघत नाही. तीच झेरॉक्स स्कॅन केली की २५० कोटींची ओळ लागू. आपल्याकडे कागद आणि संगणक शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे एकाच कागदाची एक प्रत कायद्याच्या आत आणि दुसरी बाहेर, असे सर्रास होणार आहे.

मलकापूरचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पाणी. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी हे गाव राज्यभर नावाजले गेले. त्या योजनेत घरोघरी मीटर बसले, तेही दुरून रेडिओ लहरींवर रीडिंग घेता येईल असे. पाण्याच्या हिशेबाला ही सोय उत्तमच. पण ग्राहकाच्या नावाला जोडलेला वापराचा आकडा ही वैयक्तिक माहितीच आहे. कोणत्या घरात माणसे वाढली, कोणते घर दोन महिने बंद आहे, हे त्या आकड्यावरून कळते. नव्या कायद्यात माहिती राखणाऱ्या संस्थांमध्ये शासन आणि त्याच्या यंत्रणाही येतात. केंद्राला काही यंत्रणांना सुरक्षेच्या कारणासाठी सूट देता येते, पण पाणीपट्टीची यादी जपण्याची जबाबदारी एरवी नगरपरिषदेवरही तशीच आहे, जशी खासगी कंपनीवर.

घड्याळे तीन

ही सगळी कलमे लागू झाल्यावरचा एक कल्पित प्रसंग घेऊ. कुठल्याही खऱ्या संस्थेशी त्याचा संबंध नाही. महामार्गालगतच्या एका रुग्णालयात शनिवारी रात्री ११ वाजता बिलिंगच्या संगणकावर खंडणीची सूचना झळकते. सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आहेत. माहिती बाहेर गेली की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. तरी कायद्याच्या लेखी ही माहितीफुटीच आहे, कारण माहिती हाताशी न राहणे हेही व्याख्येत धरले आहे. इथून तीन घड्याळे सुरू होतात.

पहिले ६ तासांचे. हा नियम नव्या कायद्याचा नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावे लागते. म्हणजे रविवारी पहाटे ५ पर्यंत. संगणक सांभाळणारा मुलगा कदाचित तेव्हा गावी गेलेला असेल. घड्याळ थांबत नाही.

दुसरे ७२ तासांचे. नव्या कायद्याच्या नियमांनुसार मंडळाला पहिली खबर विनाविलंब द्यायची आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत, म्हणजे मंगळवारी रात्री ११ पर्यंत. मंडळाने लेखी विनंतीवरून मुदत वाढवली तरच सवलत.

तिसरे घड्याळ रुग्णांसाठी आहे आणि त्यावर तासाचे काटेच नाहीत. नियम फक्त ‘विनाविलंब’ म्हणतो. मात्र ७२ तासांच्या अहवालात संस्थेने एक गोष्ट नमूद करायची आहे: संबंधित लोकांना काय आणि कसे कळवले. म्हणजे मंगळवारी रात्री अहवाल धाडताना रुग्णांना काहीच कळवले नसेल, तर ते मंडळापुढे आपोआप उघडे पडते. काटे नसलेल्या घड्याळाला या मागच्या दाराने वेळ लावली आहे.

रुग्णाला जाणाऱ्या सूचनेत पाच गोष्टी हव्यात: काय, किती आणि केव्हा फुटले, त्याचा त्याला काय त्रास होऊ शकतो, संस्थेने काय उपाय केले, त्याने स्वतः काय काळजी घ्यावी, आणि कुणाशी बोलावे. सूचना थोडक्यात आणि सोप्या शब्दांत असावी असेही नियम म्हणतो. भाषा कोणती ते मात्र म्हणत नाही. माहिती घेताना संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. माहिती फुटल्यावरच्या सूचनेबद्दल अशी तरतूद नाही. संमती मराठीत घेतली आणि वाईट बातमी इंग्रजी एसएमएसने दिली, तर पाटण तालुक्यातल्या आजीला तिचा उपयोग काय?

आणखी एक बाब. युरोपच्या कायद्यात धोका नगण्य असेल तर फुटीची खबर देण्यातून सूट मिळते. आपल्या कायद्यात अशी किमान रेषा नाही. दहा रुग्णांची यादी चुकून भलत्याच माणसाला ईमेल झाली तरी तीही कळवायचीच. याने मंडळापुढे खबरींचा ढीग साचेल हे खरे. पण छोटी फूट कोणती हे ठरवण्याचा अधिकार फोडणाऱ्याकडे राहत नाही, हेही खरे.

सक्ती नव्हती तेव्हा

७२ तासांचे मोल जुन्या घटनांशी ताडल्यावर कळते. एअर इंडियाची प्रवासी माहिती सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीवर हल्ला झाला आणि तिने एअर इंडियाला पहिली खबर दिली २५ फेब्रुवारी २०२१ रोजी. प्रवाशांपर्यंत सविस्तर सूचना पोचली २१ मे रोजी. मध्ये ८५ दिवस गेले. जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची २०११ ते २०२१ या काळात नोंदलेली माहिती त्यात होती: नावे, जन्मतारखा, पासपोर्ट, तिकिटे, क्रेडिट कार्ड. तेव्हा एअर इंडिया सरकारी मालकीची होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. कामकाज दोन आठवडे हाताने चालले. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याचे उघड झाले. आपल्याकडे ३.१ कोटी ग्राहकांची माहिती असल्याचा विक्रेत्याचा दावा होता. सुरुवातीला मोठी फूट नाही म्हणणाऱ्या कंपनीने पुढे सायबर हल्ला झाल्याचे मान्य केले. महाराष्ट्रात मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीची संगणक यंत्रणा खंडणीखोर विषाणूने ठप्प झाली होती.

सर्ट-इनकडे नोंदलेल्या सायबर घटना अशा वाढल्या:

२०१९: ३,९४,४९९
२०२०: ११,५८,२०८
२०२१: १४,०२,८०९
२०२२: १३,९१,४५७
२०२३: १५,९२,९१७
२०२४: २०,४१,३६०

पाच वर्षांत पाचपटीहून जास्त. २०२४ ची रोजची सरासरी साडेपाच हजारांवर जाते. पण हा आकडा वाचताना सावध राहायला हवे. यात विषाणू, बनावट संकेतस्थळे, नुसती चाचपणी असे सगळेच येते. यातल्या किती घटनांत लोकांची माहिती गेली, आणि किती जणांना ते सांगितले गेले, हे या आकड्यात नाही. असू शकत नव्हते, कारण सांगण्याची सक्तीच नव्हती. मंडळाकडे खबरी येऊ लागतील तेव्हा हा दुसरा आकडा देशात पहिल्यांदा तयार होईल. मंडळाने तो दरवर्षी, जिल्हावार, लोकांसमोर ठेवावा, ही मागणी आत्तापासून व्हायला हवी.

पैसा बँकेचा जातो, माहिती ग्राहकाची

सक्ती का लागते याचे उत्तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्यात सापडते. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्यांनी बनावट कार्डांवरून एकाच दिवसात २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी काढले. देशातल्या देशात आणखी अडीच कोटी गेले. त्यातले काही पैसे आपल्याच महामार्गावर, कराडहून ७०-७५ किलोमीटरवर, कोल्हापूरच्या एटीएममधून निघाले. सोमवारी, १३ तारखेला, १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४.४२ कोटी. ग्राहकांच्या ठेवींना धक्का नाही, असे बँकेने जाहीर केले आणि तोटा स्वतःच्या अंगावर घेतला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

हे ९४.४२ कोटी बँकेचे होते, म्हणून ते गेल्याचे सोमवारपर्यंत कळले, पोलिसांत फिर्याद झाली, पै-पैचा हिशेब झाला. आता समजा पैशाऐवजी दोन लाख खातेदारांचे आधार, पॅन आणि मोबाइल नंबर गेले असते. बँकेच्या ताळेबंदात एक रुपयाचाही खड्डा पडला नसता. तोटा खातेदाराचा, तोही आज नाही, सहा महिन्यांनी, भलत्याच कुणाच्या फोनवरून. जिथे स्वतःच्या खिशाला झळ नाही तिथे काळजीही कमी घेतली जाते. झळ बसावी म्हणून २५० कोटी, आणि झाकले जाऊ नये म्हणून २०० कोटी. अनुसूचीतल्या पहिल्या दोन ओळींमागचे तर्कशास्त्र एवढेच आहे.

फुटलेली माहिती फसवणुकीत कशी उतरते हे ओळखणे अवघड नाही. “काका, मावशींना गुरुवारी डिस्चार्ज मिळाला ना? त्यांचा क्लेम अडकलाय, साडेचार हजार भरले तर आज संध्याकाळी सुटेल.” फोन करणाऱ्याला मावशींचे नाव, वॉर्ड आणि डिस्चार्जचा वार माहीत आहे. शिकलेला माणूसही इथे फसतो, कारण ओटीपी मागणाऱ्या अनोळखी आवाजाची जी धास्ती आपण शिकलो, ती या ओळखीच्या तपशिलापुढे गळून पडते. सायबर फसवणुकीत देशाने २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट.

भरपाईचे कलम कसे निघाले

भरपाईची कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ आले: संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली आणि कुणाचे नुकसान झाले तर कंपनीने भरपाई द्यावी. ५ कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. महाराष्ट्रात हे नुसते कागदावर राहिले नाही. पुण्यातल्या एका वाहन-सुट्याभागांच्या कंपनीच्या खात्यातून बनावट ईमेलच्या फसवणुकीत ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पैसे ज्या खात्यांत वळवले गेले त्यांची बँकेने नीट शहानिशा केली नव्हती हा ठपका होता. तक्रारदारानेही बनावट ईमेलला उत्तर दिले होते, म्हणून भार दोघांत वाटला गेला. गेलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त पैसे देण्याचा आदेश मुंबईतून, दिल्लीला न जाता, मिळाला.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यावरून आलेल्या २०१९ च्या विधेयकात नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या आजच्या कायद्यात भरपाईचे कलम नाही. शिवाय कलम ४४(२) ने जुने ४३-अ सुद्धा काढून टाकले आहे. मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींवर दिवाणी न्यायालयात दावाही करता येणार नाही.

जग दुसरीकडे चालले आहे. फुटीची खबर देण्याची सक्ती कॅलिफोर्नियाने जुलै २००३ पासून लागू केली. २०१८ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत ती आली. त्याच वर्षी मे महिन्यात लागू झालेल्या युरोपच्या कायद्यात ७२ तासांची मुदत आहे, जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड आहे आणि अनुच्छेद ८२ मध्ये माणसाला भरपाईचा हक्कही आहे. अमेरिकेत इक्विफॅक्स कंपनीकडून २०१७ मध्ये १४.७ कोटी लोकांची माहिती फुटली. तडजोडीत ग्राहकांसाठी ४२.५ कोटी डॉलरपर्यंतचा निधी वेगळा ठेवावा लागला. माणशी भागले तर तीन डॉलरही येत नाहीत. पण त्या हिशेबात माणूस आहे.

काय आधी, काय नंतर

नियम अधिसूचित झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. अंमलबजावणी तीन टप्प्यांत आहे. पहिल्याच दिवशी लागू झाली मंडळ स्थापनेची कलमे. मंडळाचे कार्यालय दिल्ली परिसरात, कामकाज बहुतांश ऑनलाइन. एका वर्षाने संमती व्यवस्थापकांची, म्हणजे लोकांच्या वतीने संमती सांभाळणाऱ्या संस्थांची, नोंदणी. आणि माहिती जपण्याची, फूट कळवण्याची, दंडाची सगळी कलमे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून.

पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट लागू झाली: माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधला बदल. व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती देता येईल, ही त्या पोटकलमातली वाट बंद झाली; आता कलम ८(२) मधल्या सर्वसाधारण जनहिताच्या तरतुदीचाच आधार उरला आहे. थोडक्यात, घरकुलाच्या लाभार्थींची नावे नागरिकाने मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ हे कारण आजच तयार आहे. तीच नावे संगणकातून फुटली तर कळवण्याची सक्ती मात्र १८ महिन्यांनी. प्राधान्य कशाला दिले गेले ते या दोन तारखांतून दिसते.

लहान दवाखान्याला २५० कोटी?

ही भीती खरी आहे, आणि काही सल्लागार ती दाखवून धंदाही करतील. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, दर नव्हे. दंड ठरवताना फुटीचे गांभीर्य, किती काळ चालली, चूक पुन्हा झाली का, संस्थेने नुकसान आवरायला तातडीने काय केले आणि दंडाचा त्या संस्थेवर काय परिणाम होईल, हे सगळे कलम ३३ प्रमाणे मंडळाने बघायचे आहे. म्हणजे तासाभरात कळवणारा छोटा दवाखाना आणि तीन महिने झाकणारी कंपनी एकाच मापात बसणार नाहीत. सरकार नवउद्योगांना काही कलमांतून सूट देऊ शकते. पण माहिती जपणे आणि फूट कळवणे ही दोन कामे त्या सुटीतही सुटत नाहीत.

नियमांनी सांगितलेली किमान काळजीही आवाक्याबाहेरची नाही. माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवणे, कोण काय उघडू शकतो यावर मर्यादा, कुणी काय उघडले त्याच्या नोंदी वर्षभर जपणे, वेगळी प्रत राखणे, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी करारात हे सगळे लिहून घेणे. रिसेप्शन, लॅब आणि मेडिकल स्टोअरवर एकच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असेल, तर सुरुवात ती चिठ्ठी काढण्यापासून करता येईल.

खातेदाराच्या कामाचे आकडे

कायद्याच्या अनुसूचीत नसलेले, पण मलकापूरच्या माणसाच्या खरोखर उपयोगी पडणारे काही आकडे दुसऱ्या नियमांत आहेत.

३ दिवस: रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. चूक ना बँकेची ना तुमची, तिसरीकडेच फूट होऊन खात्यातून पैसे गेले, तर बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवा. तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतची झळ. चूक बँकेचीच असेल तर दिवसांची अट नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा.

१० दिवस: कळवल्यापासून इतक्या कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची आहे.

१९३०: सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी तो गोठवता आला तरच वाचतो, म्हणून इथे दिवस नव्हे, मिनिटे मोजायची.

९० दिवस: नवा कायदा लागू झाल्यावर तक्रार आधी त्या संस्थेकडेच करायची आहे. तिने जास्तीत जास्त ९० दिवसांत ती निकाली काढायची, त्यानंतर मंडळ.

५० लाख: जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा, तीही मोजलेल्या किमतीवर. ५ लाखांपर्यंत फी नाही. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर दुसऱ्याला देणे, हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे. नवा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे असे तो स्वतःच म्हणतो, त्यामुळे साताऱ्याच्या आयोगाचा रस्ता बंद होत नाही. हॅकरने फोडलेली माहिती ही कंपनीने ‘दिलेली’ माहिती ठरते का, यावर वाद होईल. सेवेतील त्रुटी म्हणून तो मांडावा लागेल.

यात पतसंस्थांच्या सभासदांनी एक मेख ध्यानात ठेवावी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या कक्षेत येतात. ३ दिवसांचा नियम तिथे लागू नाही. माहिती जपण्याचा नवा कायदा मात्र पतसंस्थेलाही तितकाच लागू होणार आहे. कराड परिसरात बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या शेजारी शेजारी असतात; ग्राहकाच्या हक्कांत एवढे अंतर असते.

गाळलेला आकडा

भरपाईचा आकडा कायद्यात लिहिला की काय फरक पडतो, हे कराडला वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँक बुडाली, पण ठेव विमा महामंडळाची ५ लाखांची मर्यादा लिहिलेली होती, म्हणून ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण ठेव मिळेल असे त्याच दिवशी सांगता आले. ती मर्यादा त्याच वर्षी फेब्रुवारीत १ लाखावरून वाढली होती. ५ लाखांत कुणाचा संसार उभा राहत नाही, पण रांगेत उभे राहायला कारण मिळते आणि विमा देणाऱ्याला बँकांवर नजर ठेवायलाही.

माहितीसाठी असे काही करणे कठीण नाही. कंपनीने भरलेल्या दंडाचा ठरावीक हिस्सा बाधितांसाठी राखून ठेवणे, हा एक मार्ग. फूट सिद्ध झाली की प्रत्येक बाधिताला नुकसानीचा पुरावा न मागता ठरलेली किमान रक्कम, हा दुसरा. तिसरा सगळ्यांत सोपा: ४३-अ काढूच नये. ते मे २०२७ पर्यंत जिवंत आहे आणि कलम लागू होण्याआधी संसदेला हात घालता येतो. सातारा आणि कराडच्या खासदार-आमदारांकडे, ग्राहक संघटनांकडे, बँकांच्या वार्षिक सभांत हा प्रश्न आत्ता विचारायचा आहे. फुटीची सूचना मिळणे हा हक्क आहे खरा. पण सूचना वाचून झाल्यावर त्या माणसाने रजा टाकून बँकेत जायचे, नंबर बदलायचा, आधार लॉक करायचे, महिनोन्महिने प्रत्येक फोनवर संशय घ्यायचा. या कामाची किंमत आज कुणीच देत नाही, आणि जोवर ती अनुसूचीत आठवी ओळ होऊन येत नाही तोवर कंपन्याही ती आपल्या हिशेबात धरणार नाहीत.